पाठ मैदानाकडे, तोंड गर्दीकडे: आंतरराष्ट्रीय स्पर्धेत स्वयंसेवक व्हायचं असेल तर

सामना फुकटात बघायला मिळेल ही आशा आधी सोडा. स्टेडियममध्ये व्हॉलंटियरची जागा बहुतेक वेळा मैदानाकडे पाठ करून असते. गोल झाल्याचं लोकांच्या ओरडण्यावरून कळतं आणि कोणी केला ते शेजाऱ्याला विचारावं लागतं. २५ ऑक्टोबर २०१७ ला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर सतरा वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकाची उपांत्य लढत झाली, स्पेनने मालीला ३-१ असं हरवलं. त्या संध्याकाळी फाटकांवर, पार्किंगच्या वळणावर आणि स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर उभ्या असलेल्या पोरापोरींपैकी कित्येकांनी चारातला एकही गोल बघितला नसणार.

पगार नाही. गणवेश, ड्यूटीच्या दिवशीचं जेवण, थोडंफार प्रशिक्षण, प्रमाणपत्र आणि बऱ्याचदा शहरातला ड्यूटीपुरता प्रवास, एवढं मिळतं. राहण्याची सोय आणि विमानाचं तिकीट बहुतेक मोठ्या स्पर्धांमध्ये आपलं आपण बघायचं असतं. पॅरिस २०२४ ला स्वयंसेवकांना राहायला जागा दिली गेली नाही, आणि ऑलिंपिकच्या काळात पॅरिसमधल्या हॉटेलांचे भाव काय होते ते वेगळं सांगायला नको.

मग लोक जातात कशाला? हजारो माणसं सुरळीत आत गेली आणि सुरळीत बाहेर पडली, यात आपला हात होता ही भावना काहींना पुरते. क्रीडा व्यवस्थापन, पत्रकारिता, फिजिओथेरपी किंवा इव्हेंट क्षेत्रात जायचं असेल त्यांना इतकं मोठं यंत्र आतून बघण्याची दुसरी स्वस्त संधी नाही. तुमचं कारण यांपैकी एक असेल तर पुढे वाचा. खेळाडूंबरोबर सेल्फी हे कारण असेल तर तिकीट काढा. ड्यूटीवर खेळाडूकडे सही किंवा फोटो मागणं हा व्हॉलंटियरला घरी पाठवण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे.

आधी घराजवळ

आकडे बघा. लंडन २०१२ ला ७०,००० स्वयंसेवक हवे होते, अर्ज आले सुमारे २,४०,०००. पॅरिसला ४५,००० जागांसाठी तीन लाखांहून जास्त. कतारच्या २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकाला २०,००० जागांसाठी ४,२०,०००, म्हणजे एका जागेमागे एकवीस अर्ज. आणि निवडलेल्यांत बहुसंख्य तिथेच राहणारे असतात, कारण त्यांना घर द्यावं लागत नाही, व्हिसाचा घोळ नसतो आणि प्रशिक्षणाला बोलावलं की ते येतात.

म्हणून कोरा अर्ज घेऊन थेट ऑलिंपिकच्या दारात उभं राहू नका. मुंबई मॅरेथॉन २००४ पासून आहे आणि बहुधा जानेवारीत होते, पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासून आहे. दोन्हीकडे पाण्याच्या टेबलापासून सामान-काउंटरपर्यंत माणसं लागतात. पहाटे तीनला उठून हजारो ग्लास भरणं आणि पळणाऱ्याच्या हाताला धक्का न लागता ग्लास पुढे करणं (तळहातावर ठेवायचा, बोटांनी घट्ट धरायचा नाही), हे ज्याला झेपलं त्याला पुढचं बरंच झेपतं. गोव्यात फातोर्डाच्या मैदानावर २०१७ मध्ये मुलांच्या आणि २०२२ मध्ये मुलींच्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाचे सामने झाले, आणि २०२५ मध्ये बुद्धिबळाचा विश्वचषकही गोव्यातच झाला. २०२२ च्या मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना नेरूळलाच होता. थोडक्यात, आपल्याकडे स्पर्धा येतात. बातमी यायची वाट बघण्यापेक्षा त्या त्या खेळाच्या राज्य संघटनेच्या पानावर अधूनमधून नजर टाकत राहावी.

कॉलेजात असाल तर एनएसएसचा (राष्ट्रीय सेवा योजनेचा) रस्ता सर्वांत सोपा. आयोजकांना एकदम दोनशे मुलं लागली की ते आधी जवळच्या कॉलेजांना फोन करतात. आणि एनएसएसमध्ये वर्षाचे १२० तास भरायचेच असतात.

मोठं लक्ष्य ठेवायचं तर अहमदाबाद. २०३० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा तिथे भरवण्यावर २६ नोव्हेंबर २०२५ ला शिक्कामोर्तब झालं. मुंबईहून रात्रीच्या गुजरात मेलने सकाळी पोचता येतं, व्हिसा नको, भाषेची अडचण नाही. आज अकरावीत असलेल्या मुलीला तयारीसाठी भरपूर वेळ आहे. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना २०२८ चं लॉस एंजेलिस ऑलिंपिक आहे. तिथे क्रिकेट १२८ वर्षांनी ऑलिंपिकमध्ये परततंय, आणि यष्टी म्हणजे काय हे प्रेक्षकांना सांगू शकणारी माणसं तिथे लागतीलच.

अर्ज

अर्ज फार आधी निघतात, आणि लोक चुकतात ते इथेच. पॅरिसच्या स्पर्धा जुलै २०२४ मध्ये सुरू झाल्या, अर्ज २२ मार्च ते ३ मे २०२३ या काळात घेतले गेले. स्पर्धेच्या चार महिने आधी शोधायला लागलात तर उरलेली राखीव यादीच सापडेल. दीड वर्ष आधीपासून अधिकृत संकेतस्थळावर नाव नोंदवून ठेवा, म्हणजे सूचना ईमेलवर येते.

अधिकृत या शब्दावर जोर आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी ‘फक्त दोन हजार रुपये नोंदणी शुल्क’ असली लिंक उघडू नका. मोठ्या स्पर्धांचे आयोजक स्वयंसेवकाकडून अर्जाचे पैसे घेत नाहीत. कोणी एजंट ‘व्हॉलंटियर व्हिसासकट पॅकेज’ विकत असेल तर ते पॅकेज टूरचं आहे किंवा फसवणुकीचं.

वयाची अट बहुतेक ठिकाणी अठरा पूर्ण. ती कोणत्या तारखेला पूर्ण हवी ते बघा. पॅरिसला १ जानेवारी २०२४ ही तारीख होती. नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा. आपल्याकडे वडिलांचं नाव कधी मधलं नाव होतं, कधी गायब होतं. सुरक्षा तपासणीत अर्ज अडकण्याचं हे अगदी साधं कारण आहे.

‘तुमचा अनुभव सांगा’ या रकान्यात मुलं ‘मी मेहनती, प्रामाणिक आणि टीम प्लेयर आहे’ असं लिहितात. वाचणाऱ्याने त्या दिवशी हेच वाक्य शंभर वेळा वाचलेलं असतं. तुम्ही गणेश मंडळात दहा दिवस दर्शनाची रांग सांभाळली असेल तर तो गर्दी नियोजनाचा अनुभव आहे, फक्त तो नीट लिहा: रांग कुठे वळवली, म्हाताऱ्या माणसांसाठी वेगळी वाट कशी ठेवली, रात्री दोनला वाद झाला तेव्हा काय केलं. वारीत पाणीवाटप, कॉलेजच्या गॅदरिंगचं गेट, गावच्या कबड्डी स्पर्धेतली गुणपत्रिका, सगळं चालतं. एक प्रसंग, तुम्ही केलेली एक गोष्ट आणि तिचा परिणाम. चार ओळी पुष्कळ झाल्या.

मुलाखत बहुधा ऑनलाइन असते, कधी गटात. ‘एक प्रेक्षक चुकीच्या गेटवर येऊन आरडाओरडा करतोय, तुम्ही काय कराल?’ या धाटणीचा प्रश्न हमखास येतो. ‘त्याला समजावून आत सोडेन’ हे उत्तर देऊ नका. आत सोडण्याचा अधिकार तुमचा नाही, आणि हे तुम्हाला ठाऊक आहे का तेच त्यांना बघायचं असतं.

कोणतं काम मागावं

सगळे जण ‘खेळाडूंच्या जवळ’ मागतात. माझा सल्ला असा की पहिल्या वेळी प्रेक्षक सेवा मागा. जागा सर्वांत जास्त तिथेच असतात आणि स्टेडियम कसं चालतं ते तिथेच समजतं. वैद्यकीय शिक्षण, उत्तम फ्रेंच किंवा स्पॅनिश, गाडी चालवण्याचा परवाना, सांकेतिक भाषा, यांतलं काही असेल तर मात्र ते ठळक लिहा, त्यांना वेगळ्या यादीत घेतात.

मीडिया विभागात पत्रकारांना जागा दाखवणं, निकालाचे कागद वाटणं आणि मिक्स्ड झोनमध्ये खेळाडू-पत्रकार भेट सुरळीत ठेवणं असतं. अ‍ॅक्रेडिटेशन केंद्रात, म्हणजे प्रवेशाची ओळखपत्रं देतात तिथे, दिवसभर फोटो आणि कार्डं. वाहतुकीत वाट बघणं फार.

एका कामाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण ते फारसं कोणाला माहीत नसतं: डोपिंग चाचणीतला चॅपरोन. एखाद्या खेळाडूची चाचणीसाठी निवड झाली की त्याला तशी सूचना द्यायची, फॉर्मवर सही घ्यायची, आणि त्या क्षणापासून तो चाचणी केंद्रात हजर होईपर्यंत त्याला नजरेआड होऊ द्यायचं नाही. तो पदक घ्यायला जाईल, पत्रकारांशी बोलेल, प्रशिक्षकाच्या गळ्यात पडून रडेल, अंग मोकळं करायला सायकलवर बसेल. यातलं बरंचसं त्याला करता येतं, पण तुम्ही चार पावलं मागे असायलाच हवं. पाणी प्यायचं तर सीलबंद बाटली त्याने स्वतः निवडून स्वतः उघडायची. कोणी मित्राने अर्धी प्यायलेली बाटली पुढे केली तर ते तुमच्या लक्षात यायला हवं. बोलायचं कमी, अभिनंदनसुद्धा बेताचं. जिंकलेल्याचा आनंद आणि हरलेल्याचा वैताग इतक्या जवळून दुसऱ्या कोणत्याच व्हॉलंटियरला दिसत नाही, आणि त्याबद्दल बाहेर एक अक्षर बोलता येत नाही. पोटात गोष्ट राहत नसेल तर हे काम मागू नका.

परदेशी जाणार असाल तर

निवड झाल्याचं पत्र म्हणजे व्हिसा नव्हे. पर्यटक व्हिसावर बिनपगारी काम चालतं का, याचं उत्तर प्रत्येक देशात वेगळं आहे. ते वकिलातीच्या संकेतस्थळावर बघा आणि आयोजकांना ईमेलने विचारून उत्तर जपून ठेवा. निवड पक्की झाल्याशिवाय परत न मिळणारं तिकीट काढू नका. राहण्याचा खर्च हाच मोठा. त्या शहरात मामा-मावशी नाहीतर मित्र असेल तर निम्मा प्रश्न सुटला. नसेल तर महाराष्ट्र मंडळाला लिहून बघायला हरकत नाही, मात्र गृहीत धरू नका. प्रवासाचा विमा काढा. ऑफिसात रजेचं आधी बोला, कारण किमान दिवसांची अट असते. पॅरिसला ती दहा दिवसांची होती.

टोकियो ऑलिंपिकचं उदाहरण डोक्यात असू द्या. कोविडमुळे ती स्पर्धा वर्षभर पुढे गेली आणि ८०,००० पैकी सुमारे १०,००० स्वयंसेवकांनी आधीच नाव काढून घेतलं. तारखा हलू शकतात. कर्ज काढून जाण्याची ही गोष्ट नाही.

प्रशिक्षण आणि गळ्यातलं कार्ड

प्रशिक्षणाचे ऑनलाइन भाग लोक दुसऱ्या खिडकीत मॅच लावून पूर्ण करतात. करा, पण आणीबाणीचा भाग आणि मैदानाचा नकाशा मात्र मन लावून बघा. प्रत्यक्ष जागा दाखवायला बोलावतात त्या दिवशी चुकवू नका. गेट कुठे, शौचालय कुठे, प्रथमोपचार कुठे, व्हीलचेअरची वाट कोणती, हे पायांनी एकदा फिरून घ्या. प्रेक्षकांचे दहातले आठ प्रश्न एवढेच असतात, आणि त्यातही शौचालयाचा नंबर पहिला.

कार्डावर अंक आणि रंग असतात. ऑलिंपिकमध्ये निळा म्हणजे प्रत्यक्ष खेळाची जागा, लाल म्हणजे कामकाजाचे भाग, ४ म्हणजे वृत्तपत्रवाल्यांचा भाग, ६ म्हणजे ऑलिंपिक परिवाराचा, म्हणजे ऑलिंपिक समित्यांचे पदाधिकारी आणि पाहुणे यांचा. तुमच्या कार्डावर जे नाही तिथे जायचं नाही, ओळखीचा गार्ड असला तरी. कार्डाचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकू नका. त्यावर बारकोड असतो आणि त्याची नक्कल होऊ शकते. ड्यूटी संपल्यावर गणवेश घालून बारमध्ये बसायचं नाही हेही ओघाने आलंच.

प्रत्यक्ष दिवस

सामना संध्याकाळी आठला असेल तर तुम्ही दुपारी तीन-चारला हजर. हजेरी, जेवणाचं कूपन, ब्रीफिंग, मग आपापली जागा. बूट रोजच्या वापरातले घाला. नवे घातले तर दुसऱ्या दिवशी लंगडाल. नवी मुंबईत ऑक्टोबर म्हणजे उकाडा आणि परतीचा पाऊस एकाच दिवशी. छत्री आत चालत नाही, म्हणून घडी होणारा रेनकोट खिशात. पाणी मागून मागून प्या, आणि विश्रांतीची वेळ झाली की ‘मी ठीक आहे’ म्हणत उभं राहू नका. संध्याकाळी पायांत गोळे आलेला व्हॉलंटियर कोणाच्याच कामाचा नसतो.

आपल्या स्टेडियमवर भांडणं होतात ती नाण्यांवरून, पॉवर बँकेवरून, पाण्याच्या बाटलीवरून. आत नेता येत नाही, आणि ठेवायला जागा बऱ्याचदा नसते. नियम तुमचा नाही, पण राग तुमच्यावर निघतो. रांगेच्या शेपटाकडे जाऊन आधीच सांगत राहिलात तर फाटकावर पोचेपर्यंत निम्म्या लोकांनी सोय केलेली असते. हे कोणी शिकवत नाही, पण याच्याइतकं उपयोगी काही नाही.

चुकीच्या गेटवर आलेलं कुटुंब घ्या. नेरूळ स्टेशनवरून चालत आलेत, कडेवर पोर, घाम.

“काका, तिकीट बघू का जरा? तुमचं गेट पुढचं आहे.”

“अहो, आत्ता मागच्याने इकडे पाठवलं! काय चाललंय तुमचं?”

“खरंय, तुम्हाला फुकट चालावं लागलं. या भिंतीच्या कडेने सरळ जा, निळा बोर्ड दिसला की डावीकडे. सात-आठ मिनिटं लागतील. सामन्याला अजून पाऊण तास आहे, आरामात पोचाल. वहिनी, पाणी त्या बोर्डापाशीच आहे.”

यात वाद नाही आणि मागच्याची उणीदुणीही नाहीत. रस्ता एका खुणेसकट सांगितला, लागणारा वेळ सांगितला आणि काही चुकणार नाही हेही सांगितलं. माणूस चिडतो तो अंतरापेक्षा जास्त या भीतीने की सुरुवात हुकणार. ती भीती काढली की आवाज आपोआप खाली येतो. दिशा दाखवताना एक बोट रोखू नका, उघडा तळवा दाखवा. कतारच्या २०२२ च्या विश्वचषकात दोहाला सूक वाकिफ बाजाराजवळ केनियाचा एक तरुण उंच खुर्चीवर बसून फोमचा मोठा पंजा हलवत ‘मेट्रो? धिस वे’ असं एका चालीत म्हणत राहायचा. लोक रस्ता विसरून त्याच्याबरोबर गायला लागले आणि गर्दी बरोबर मेट्रोकडे गेली. तुम्हाला गाता आलंच पाहिजे असं नाही, पण मख्ख चेहऱ्याने हात वर धरून उभं राहण्यात काही अर्थ नाही.

व्हीलचेअरला विचारल्याशिवाय हात लावू नका. ‘मदत करू का, कशी करू?’ एवढं विचारा. सोबतच्याशी बोलू नका, खुर्चीतल्या माणसाशी बोला.

हरवलेलं मूल सापडलं तर त्याला घेऊन शोधायला निघू नका. आहात तिथेच थांबा, पर्यवेक्षकाला कळवा, दुसऱ्या एका सहकाऱ्याला जवळ बोलावून घ्या, म्हणजे एकटा मोठा माणूस आणि मूल असं होत नाही. मुलाचं नाव मोठ्याने पुकारू नका. ‘मी बाबा’ म्हणत कोणी आलं तरी मूल तुम्ही सोपवायचं नाही; ते पर्यवेक्षक आणि पोलीस बघतील. वॉकीटॉकीवर बटण दाबल्यावर क्षणभर थांबून बोला, नाहीतर पहिला शब्द जातो, आणि तो शब्द नेमका जागेचा असतो.

सर्वांत अवघड वेळ सामना सुरू होण्याआधीचा तास नाही. आत यायला लोक तीन तासांत येतात, बाहेर सगळे एकदम पडतात. यजमान हरलेले असतील तर शांत, जिंकलेले असतील तर नाचत. त्या अर्ध्या तासात तुमची जागा सोडू नका, कितीही भूक लागलेली असो. वाट मोकळी ठेवा, उलट दिशेने कोणाला घुसू देऊ नका, आणि कुठे गर्दी घट्ट होतेय असं वाटलं तर खात्री होण्याची वाट न बघता लगेच कळवा.

कंटाळा आणि कटकटी

सगळे दिवस रंगतदार नसतात. कधी एका बंद दारासमोर सहा तास उभं करतात, जिथून कोणीच येत नाही. पर्यवेक्षक कधी चांगला मिळतो, कधी बावीस वर्षांचा नि गोंधळलेला. जागा बदलून हवी असेल तर ब्रीफिंगनंतर शांतपणे मागा, मधेच निघून जाऊ नका. तुम्ही गेलात की ते दार खरंच उघडं पडतं. मात्र जेवण, पाणी, विश्रांती मिळत नसेल, कोणी अंगचटीला येत असेल, किंवा सुरक्षारक्षकाचं काम (झडती घेणं, हाताने अडवणं) तुमच्यावर ढकललं जात असेल तर सरळ नाही म्हणा आणि स्वयंसेवक कक्षात लेखी कळवा. फुकट काम करतोय म्हणजे काहीही करू, असं नसतं.

शेवटचा दिवस

निरोपाच्या पार्टीच्या गडबडीत लोक कागद विसरतात. प्रमाणपत्र हातात आलं की नावाचं स्पेलिंग, तारखा आणि विभाग तिथल्या तिथे तपासा; आठवड्याने ते ऑफिसच उठलेलं असतं आणि ईमेल बंद झालेले असतात. पर्यवेक्षकाचा वैयक्तिक नंबर घ्या आणि पुढच्या अर्जासाठी संदर्भ म्हणून नाव देऊ का ते विचारा. वॉकीटॉकी, जॅकेट, पार्किंगचा पास, जे परत करायचं त्याची पोच घ्या. स्पर्धेच्या आठवणीच्या पिना (छोटे बिल्ले) अदलाबदल करायच्या राहिल्या असतील तर त्या आजच, कारण उद्यापासून त्यांना विचारणारं तिथे कोणी नसतं.